परिच्छेदाचा गाभा आणि परके वाक्य

(सक्करदरा, नागपूर येथे ग्रामीण प्राथमिक शिक्षकांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



उमरेड, कुही, भिवापूर या बाजूंच्या गावांहून आपण सर्व सकाळच्या गाडीने येथे सक्करदऱ्यास आला आहात. आपल्यापैकी अनेकांच्या शाळेत दोनच शिक्षक असून चार-पाच वर्ग सांभाळावयाचे असतात, हे मी विसरलेलो नाही. कारण माझीही पुष्कळ वर्षे तशाच शाळेत गेली आहेत. म्हणून आज जे बोलेन ते उद्याच्या तासाला खडू-फळ्यावर करता येईल एवढेच बोलेन.

मला दिलेला विषय दिसावयास अगदी लहान आहे. पाच-सात वाक्यांचा एक परिच्छेद मुलांपुढे ठेवावयाचा, त्यातील मुख्य विचार ओळखावयास सांगावयाचे, आणि त्यात एखादे विसंगत वाक्य शिरले असेल तर तेही शोधावयास लावावयाचे, एवढाच तो विषय. शिष्यवृत्ती परीक्षेच्या उताऱ्यावर असे प्रश्न येतात, म्हणून वर्षाच्या शेवटी आपण ते घाईने करवून घेतो. परंतु हा परीक्षेपुरता विषय नव्हे, अशी माझी खात्री एका प्रसंगाने झाली. त्या प्रसंगात दोष माझा होता, म्हणून तो सांगावयास संकोच वाटतो, तरी सांगतो.

माझ्या वर्गात पाचवीत एक मुलगी होती. वाचन इतके स्वच्छ की कोणीही पाहुणा आला म्हणजे मी तिलाच उभे करीत असे. वाचनाच्या चाचणीत मी तिला पैकीच्या पैकी गुण दिले होते. एके दिवशी तिचे आजोबा एक कागद घेऊन शाळेत आले. एका कार्यालयाकडून त्यांना ती सूचना आली होती. नातीने घरी ती मोठ्याने वाचून दाखविली होती, एकदा नव्हे, दोनदा. आजोबा मला म्हणाले, "गुरुजी, पोरीनं वाचलं तं समदं, मी तिले म्हटलं, माय, पण कागद म्हणते काय? तं ते चुपच राहिली."

मी कागद पाहिला. सात वाक्ये होती. पहिल्या दोन वाक्यांत परिपत्रकाचा क्रमांक आणि संदर्भ; पुढील दोन वाक्यांत योजनेचा हेतू; मग कार्यालयाची वेळ. सहावे वाक्य असे होते की, अमुक तारखेपर्यंत कागद सादर न केल्यास नाव यादीतून कमी करण्यात येईल. सातव्यात सहकार्याची विनंती होती. ती तारीख होऊन दोन दिवस लोटले होते. पुढे आजोबांना तालुक्यास अनेक खेपा घालाव्या लागल्या आणि तेवढे दिवस मजुरी बुडाली.

त्या मुलीने एकही अक्षर चुकविले नव्हते. सातही वाक्ये तिने सारख्याच स्वरात, सारख्याच मानाने वाचली होती. आणि नेमके तेच चुकले होते. सात वाक्यांपैकी एक राजा असून बाकीची त्याचा लवाजमा आहेत, हे तिला मी कधी शिकविलेच नव्हते. गुण मी तिला दिले, पण कमी पडलो तो मी.

वाचन म्हणजे अक्षरांचा उच्चार आणि अर्थाचे आकलन या दोहोंचा संयोग होय, हे आपण सर्व जाणतोच. १९८६ साली गॉफ आणि टनमर या दोन अभ्यासकांनी हीच गोष्ट फार सुटसुटीत रीतीने मांडली. त्यांचे म्हणणे असे की, या दोहोंची बेरीज नव्हे, तर गुणाकार करावा. गुणाकारात एक अंक शून्य असला की दुसरा कितीही मोठा असो, उत्तर शून्यच येते. आपल्या शाळांत उच्चाराकडे पुष्कळ लक्ष दिले जाते. आकलन मात्र आपोआप येईल असे आपण धरून चालतो. ते आपोआप येत नाही. त्याचे धडे द्यावे लागतात, आणि परिच्छेद हे त्या धड्याचे सर्वांत सोयीचे माप आहे: वाक्याहून मोठे, पाठाहून लहान, आणि फळ्यावर मावणारे.

परिच्छेद ही वस्तू आपणांस इतकी परिचित आहे की ती मुलांसही स्वाभाविक वाटत असेल अशी आपली समजूत होते. वस्तुतः तसे नाही. जुनी मोडी कागदपत्रे ज्यांनी पाहिली असतील त्यांना ठाऊक आहे की, तेथे आधी रेघ ओढून घेत आणि तिच्याखाली शब्दाशब्दांत जागा न सोडता अक्षरे लिहीत जात. विरामचिन्हे नाहीत, परिच्छेद नाहीत. एकोणिसाव्या शतकात छापखाना रुळला तेव्हा मराठी गद्यास विरामचिन्हांची आणि परिच्छेदांची शिस्त लागली. विरामचिन्हांच्या बाबतीत मेजर थॉमस कँडी यांचे नाव त्या संबंधात घेतले जाते. तात्पर्य, परिच्छेद ही माणसाने सोयीसाठी घडविलेली वस्तू आहे. एका विचाराला एक खोली, अशी ती घराची मांडणी होय. घरात चूल कोठे आणि माजघर कोठे हे पाहुण्यास सांगावे लागते, तद्वत परिच्छेदाची रचना मुलास सांगावी लागते.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. प्रथम दोन शब्दांतील भेद मुलांच्या मनात पक्का करावा. विषय निराळा आणि मुख्य विचार निराळा. "हा परिच्छेद कशाविषयी आहे?" या प्रश्नाचे उत्तर म्हणजे विषय, ते एका-दोन शब्दांत येते. "त्याविषयी काय सांगितले आहे?" या प्रश्नाचे उत्तर म्हणजे मुख्य विचार, ते नेहमी पूर्ण वाक्यात आले पाहिजे. मूल "संत्री" एवढेच म्हणाले तर ते अर्धेच उत्तर समजावे. त्याला हलकेच पुढे विचारावे, "बरे, संत्र्यांचे काय?" माझ्या अनुभवाने, विसंगत वाक्य न सापडण्याचे पहिले कारण हेच असते की मुलाने विषय धरलेला असतो, विचार धरलेला नसतो.

हे उदाहरणाने पाहू. फळ्यावर असा परिच्छेद लिहावा:

"नागपूरकडे संत्र्याचे दोन मुख्य बहार घेतात. जानेवारी-फेब्रुवारीत फुलणारा तो आंबिया बहार. त्याची फळे ऑक्टोबरच्या सुमारास तयार होऊ लागतात. नागपूरहून मुंबईस रेल्वेने जाता येते. जून-जुलैत फुलणारा तो मृग बहार. त्याची फळे फेब्रुवारी-मार्चमध्ये बाजारात येऊ लागतात."

येथे रेल्वेचे वाक्य परके आहे, हे बहुतेक मुले पाहताच सांगतील. हा पहिला, सोपा प्रकार. विषयच निराळा असल्यामुळे ते वाक्य दुरूनही ओळखू येते. आता ते पुसून त्या जागी लिहा, "संत्र्याची बर्फी नागपुरात प्रसिद्ध आहे." लगेच वर्गात मतभेद होईल. पुष्कळ मुले म्हणतील की आता सर्व ठीक आहे, कारण त्या वाक्यात "संत्रे" हा शब्द आहे. हा दुसरा प्रकार, आणि खरा धडा येथूनच सुरू होतो. विषय तोच, शब्दही तोच. परंतु परिच्छेदाचा विचार "दोन बहार केव्हा फुलतात आणि केव्हा फळतात" हा असून बर्फी त्याला कोणतीही मदत करीत नाही. आडनाव एक असले म्हणून माणूस आपल्या घरचा होत नाही. तसेच शब्द एक असला म्हणून वाक्य परिच्छेदाचे होत नाही.

दुसरे उदाहरण याच जागेचे घेऊ:

"पहाटेपासूनच भाजीच्या गाड्या येऊ लागतात. सूर्य वर येईतो रस्त्याच्या दोन्ही कडांना दुकाने लागतात. बुध हा सूर्याला सर्वांत जवळचा ग्रह आहे. आजूबाजूच्या वस्त्यांतील बायामाणसे पिशव्या घेऊन निघतात. सायंकाळी तर पाय ठेवावयास जागा उरत नाही. मात्र जोराचा पाऊस आला की तासाभरात सारा रस्ता मोकळा होतो."

सक्करदऱ्याचा बुधवारचा बाजार आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. मुलांसाठी आपण आपल्या गावच्या आठवडी बाजाराचे नाव मनात धरावे. या परिच्छेदात तीन गोष्टी शिकविण्यासारख्या आहेत.

पहिली गोष्ट, मुख्य विचार येथे कोणत्याही एका वाक्यात लिहिलेला नाही. "बाजाराच्या दिवशी येथे फार गर्दी होते" हे वाक्य मुलाने स्वतः रचावयाचे आहे. प्रत्येक परिच्छेदाचे पहिले वाक्य म्हणजेच मुख्य विचार, असा सोपा नियम आपण कधी कधी सांगून टाकतो. तो नियम अनेकदा लागू पडतो, म्हणूनच तो धोक्याचा आहे. कारण जेथे लागू पडत नाही तेथे मूल विचार करणेच सोडते. आजोबांच्या कागदात मुख्य वाक्य सहावे होते, हे आपण पाहिलेच.

दुसरी गोष्ट, बुध ग्रहाचे वाक्य. ते खोटे नाही; शास्त्राच्या पुस्तकात ते अगदी योग्य ठिकाणी असेल. म्हणजे विसंगत वाक्य आणि असत्य वाक्य यांत भेद आहे. मुले पुष्कळदा म्हणतात, "गुरुजी, हे बरोबर आहे, मग काढावयाचे कशाला?" त्यांना सांगावे की वाक्य बरोबर आहे, जागा बरोबर नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. शेवटचे वाक्य, पावसाचे, मुले हमखास विसंगत म्हणून दाखवितात. गर्दीच्या परिच्छेदात मोकळ्या रस्त्याचे वाक्य कसे, असे त्यांना वाटते. परंतु विरोधी वाक्य म्हणजे विसंगत वाक्य नव्हे. ते गर्दीविषयीच बोलते; गर्दीची मर्यादा सांगते. "मात्र", "परंतु", "अन्यथा", "तरीही" असे शब्द दिसले की मुलाने थांबले पाहिजे, पुढे पळून जाता कामा नये. कारण व्यवहारातील कागदांत पुष्कळदा खरी गोष्ट याच शब्दांच्या आडोशाला बसलेली असते.

येथे कोणी म्हणेल की ही सारी परकीय शिक्षणशास्त्राची उठाठेव आहे. तसे मुळीच नाही. गाभा आणि विस्तार यांचा विवेक आपल्या भाषेत फार जुना आहे. महानुभाव पंथाच्या केशोबासांनी तेराव्या शतकात सिद्ध केलेला "दृष्टांतपाठ" पाहावा. त्यात ११४ दृष्टांत असून प्रत्येकाची मांडणी तीन भागांची आहे: आधी सूत्र, मग दृष्टांत, मग दार्ष्टांतिक. सूत्र म्हणजे मुख्य विचार; दृष्टांत म्हणजे तो समजावणारी गोष्ट; आणि दार्ष्टांतिक म्हणजे त्या गोष्टीचा मूळ विचाराशी घातलेला मेळ. गोष्ट कितीही रंजक असो, ती सूत्राकडे परत आणून सोडावयाची, ही ती शिस्त होय. हत्ती आणि आंधळे यांची सर्वांस ठाऊक असलेली गोष्ट त्यात आहे. कोणाच्या हाती पाय आला, कोणाच्या हाती कान, कोणाच्या हाती शेपूट. आणि जो तो आपल्या हाती आलेल्या अवयवालाच हत्ती समजून बसला. एकेक वाक्य धरून त्यालाच परिच्छेद समजणारे आपले मूल त्या आंधळ्यांच्याच ओळीत उभे आहे. त्याला सर्व अवयव जुळवून हत्ती दाखविणे हे आपले काम आहे.

दुसरा आधार मीमांसाशास्त्राचा. एखाद्या ग्रंथाचे तात्पर्य कोणते हे ठरविण्यासाठी मीमांसकांनी काही खुणा सांगितल्या आहेत: उपक्रम आणि उपसंहार, अभ्यास, अपूर्वता, फल, अर्थवाद आणि उपपत्ती. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या "गीतारहस्या"त लोकमान्य टिळकांनी गीतेचे तात्पर्य ठरविताना आरंभीच्या प्रकरणात याच कसोट्या पुढे ठेवल्या आहेत. शब्द भारदस्त आहेत, पण अर्थ चौथीच्या मुलास सांगता येईल इतका सोपा आहे. आरंभ कशाने झाला आणि शेवट कशाने झाला ते पाहा. कोणती गोष्ट पुन्हा पुन्हा आली आहे ते पाहा. नवीन असे काय सांगितले आहे? त्याचा परिणाम काय होतो? कोणते वाक्य नुसती स्तुती किंवा शोभा म्हणून आले आहे? आणि कोणते वाक्य कारण किंवा पुरावा देते? एवढे प्रश्न विचारले की परिच्छेदाचे तात्पर्य हाती लागते. जी कसोटी लोकमान्यांनी सातशे श्लोकांस लावली, तीच आपण सात वाक्यांस लावावयाची आहे.

आता क्रमाविषयी. १९८३ साली ॲन ब्राऊन आणि जीन डे या दोन संशोधिकांनी मुले सारांश कसा करतात याचा अभ्यास केला. त्यांना असे आढळले की बिनमहत्त्वाचा किंवा पुन्हा आलेला मजकूर वगळणे पाचवीच्या मुलांनाही साधते. परिच्छेदातील मुख्य वाक्य निवडणे त्याहून कठीण जाते. आणि जेथे मुख्य वाक्य लिहिलेलेच नाही तेथे ते स्वतः रचणे तर महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनाही प्रत्येक वेळी जमत नाही. यावरून आपल्या कामाची पायरी ठरते. आधी वगळणे, मग निवडणे, मग रचणे. आपण बहुधा उलट करतो. पहिल्याच दिवशी "या उताऱ्यास योग्य शीर्षक द्या" म्हणून सांगतो आणि मूल गप्प बसले की त्याला मंद ठरवितो. त्याला आपण जिन्याच्या सर्वांत वरच्या पायरीवर उभे केलेले असते, हे आपल्या ध्यानात येत नाही.

पहिली-दुसरीतील मुलांपासून याची तयारी तोंडी करता येते. वांगे, भेंडी, विळा, टोमॅटो यांत परके कोणते, असे विचारावे, आणि उत्तर आल्यावर तेवढ्यावर न थांबता "का?" हे अवश्य विचारावे. "बाकीच्या भाज्या आहेत" हे वाक्य मुलाच्या तोंडून आले की त्याने न कळत मुख्य विचार रचलेला असतो. मग तीन वाक्यांची गोष्ट सांगून तीत चौथे परके वाक्य घालावे. मुले हसतील, त्या हसण्यात आकलन असते.

तिसरी-चौथीसाठी कागदाच्या पट्ट्या पुरेत. जुन्या वह्यांच्या कोऱ्या पानांच्या पट्ट्या कापून प्रत्येकीवर परिच्छेदातील एक वाक्य लिहावे. पाच-सहा मुलांना एकेक पट्टी द्यावी आणि ओळीत उभे करावे. एकाने मध्यभागी उभे राहून मुख्य विचाराचे वाक्य म्हणावे. मग प्रत्येक वाक्यधारी मुलाला वर्गाने विचारावे, "तू येथे कशासाठी आलास?" त्याने उत्तर द्यावे: "मी कारण सांगावयास आलो", "मी उदाहरण द्यावयास आलो", "मी केव्हा ते सांगावयास आलो". ज्याला उत्तर देता येत नाही त्याने बाजूला उभे राहावे. मग उरलेली वाक्ये सलग वाचावीत. अर्थ लंगडला तर काढलेले वाक्य गरजेचे होते. अर्थ अधिक स्वच्छ झाला तर ते परके होते. एवढी एक परीक्षा मुलाच्या हाती आली की त्याला आपल्या उत्तराची खात्री स्वतः करून घेता येते. गुरुजींच्या तोंडाकडे पाहावे लागत नाही. दोन वर्ग एकत्र बसत असतील तर लहान मुलांनी वगळावे आणि मोठ्यांनी रचावे, अशी वाटणी एकाच परिच्छेदावर करता येते.

बाजूला उभ्या राहिलेल्या वाक्याचे काय करावयाचे? ते टाकून देऊ नये. त्याला त्याचे घर शोधून द्यावे. "संत्र्याची बर्फी नागपुरात प्रसिद्ध आहे" हे वाक्य घेऊन त्याच्याभोवती आणखी चार वाक्ये रचावयास सांगावे. जे एका परिच्छेदात परके होते तेच दुसऱ्यात यजमान होते, हे मुलांनी एकदा स्वतः पाहिले म्हणजे संगती ही वाक्याच्या अंगी चिकटलेली नसून ती वाक्य आणि विचार यांच्या नात्यात असते, ही गोष्ट व्याख्येवाचून कळते. वाचनाचा धडा असा नकळत लेखनाचा धडा होतो. आणि मुलांच्या निबंधांतील भरकट ज्यांनी तपासली आहे त्यांना या लाभाचे मोल सांगावयास नको.

येथे एक सावधगिरी सांगणे अवश्य आहे. संत्र्याचा तो परिच्छेद मी एकदा वर्गात घेतला असता एका मुलाने हट्टाने सांगितले की रेल्वेचे वाक्य परके नाही. मी त्याला चूक म्हणून खाली बसविणार होतो. तेवढ्यात त्याने कारण सांगितले. "गुरुजी, माझे बाबा संत्र्याच्या पेट्या गाडीवर चढवितात. संत्री रेल्वेनेच जातात." त्याच्या घरच्या जगात संत्रे आणि रेल्वे यांचे नाते होते, माझ्या परिच्छेदात नव्हते. मी त्याला म्हणालो, "तुझे म्हणणे खरे आहे. पण हे नाते वाचणाऱ्याला कसे कळणार? ते सांगणारे वाक्य तू घाल." त्याने फळ्यावर लिहिले, "तयार झालेली संत्री पेट्यांत भरून रेल्वेने दूरच्या शहरांत पाठवितात." मग वर्गात चर्चा झाली की या वाक्यासाठी मुख्य विचारच थोडा रुंद करावा, की त्याचा निराळा परिच्छेद करावा. मुलांनी निराळा परिच्छेद करावयाचे ठरविले. त्या अर्ध्या तासात जे शिक्षण झाले ते छापील उत्तरसूचीने झाले नसते.

म्हणून माझी आग्रहाची विनंती आहे की, मुलाचे उत्तर चुकीचे वाटले तरी आधी त्याचे कारण ऐकावे. बरोबर उत्तर आणि चुकीचे कारण असेल तर अर्धेच गुण द्यावेत. उत्तर निराळे पण कारण सयुक्तिक असेल तर शाबासकी द्यावी. खेड्यातील मुलाचे अनुभव पुस्तकातील अनुभवांहून निराळे असतात. ज्याला आपण विसंगत म्हणतो ते कधी कधी केवळ आपल्याला अपरिचित असते.

दुसरी सावधगिरी आपल्या स्वतःच्या शिकविण्याविषयी आहे. १९८९ साली गार्नर, गिलिंगहॅम आणि व्हाइट यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. कीटकांविषयीच्या छोट्या परिच्छेदांत त्यांनी मनोरंजक पण मुख्य विचाराशी संबंध नसलेली माहिती मुद्दाम घातली. वाचणाऱ्यांना ती मनोरंजक माहिती आठवे, पण मुख्य विचार सांगताना त्यांचा गोंधळ होई; आणि हे मुलांच्याच नव्हे तर मोठ्यांच्याही बाबतीत घडले. आपणही वर्गात धडा रंगविण्यासाठी किती किस्से सांगतो! त्यांपैकी सूत्राकडे परत नेणारे किती आणि वाट चुकविणारे किती, हे महिन्यातून एकदा आपण स्वतःशी तपासून पाहावे. किस्से सांगू नयेत असे मी म्हणत नाही. मीही आज दोन सांगितले. दृष्टांत सांगावा, पण दार्ष्टांतिक विसरू नये.

तिसरी गोष्ट साहित्याची. पाठ्यपुस्तकातील पाठ आहेतच. परंतु चौथी-पाचवीपासून आठवड्यातून एक तास गावातील खऱ्या कागदांसाठी राखून ठेवावा. ग्रामपंचायतीच्या फलकावरील सूचना, बियाण्याच्या पिशवीवरील मजकूर, औषधाच्या बाटलीवरील सांगणे, लसीकरणाची जाहिरात, एस. टी. स्थानकावरील पाटी, मोबाईलवर आलेला लांबलचक निरोप, हे सर्व परिच्छेदच आहेत, आणि ते सोपे करून लिहिलेले नसतात. कोणाच्या घरचा खाजगी कागद मात्र वर्गात उघड वाचू नये. नाव व आकडे बदलून तसाच नमुना फळ्यावर लिहावा. मग तीनच प्रश्न विचारावेत: हा कागद कशाविषयी आहे? तो आपणांस काय करावयास सांगतो? आणि न केल्यास काय होईल? मोबाईलवरील निरोपांच्या बाबतीत चौथाही प्रश्न जोडावा: यातील कोणते वाक्य आपल्याला घाबरविण्यासाठी किंवा भुलविण्यासाठीच घातले आहे? फसविणारे लोक मुख्य गोष्ट गोड वाक्यांच्या गर्दीत लपवितात. ज्या मुलाला लवाजमा बाजूला सारून राजा ओळखता येतो ते मूल सहजी फसत नाही, आणि आपल्या घरच्यांनाही फसू देत नाही.

तपासणी कशी करावी, असे काही जण विचारतील. मोठ्या कागदी खटाटोपाची गरज नाही. महिन्यातून एकदा प्रत्येक मुलाला सहा वाक्यांचा एक नवा परिच्छेद द्यावा. त्याने परके वाक्य दाखवावे, त्याचे कारण सांगावे, आणि उरलेल्याचा मुख्य विचार आपल्या शब्दांत, जमल्यास घरच्या बोलीत, सांगावा. बोलीत सांगितले म्हणून गुण कापू नयेत. आजोबांना जे सांगावयाचे ते बोलीतच सांगावे लागते. प्रमाण भाषेतील कागद वाचून त्याचा अर्थ घरच्या बोलीत सांगता येणे ही कमी प्रतीची नव्हे, तर वरच्या प्रतीची कसोटी आहे.

बंधू-भगिनींनो, ती मुलगी पुढे माझ्याच शाळेतून पाचवी उत्तीर्ण होऊन गेली. जाण्यापूर्वीचे चार महिने मी तिच्याकडून आणि तिच्या सोबत्यांकडून हेच काम रोज दहा मिनिटे करवून घेतले. त्यानंतर मी कोणाचेही वाचन ऐकले की शेवटी पुस्तक मिटावयास सांगतो आणि तिच्या आजोबांचाच प्रश्न विचारतो: कागद म्हणते काय? आपणही उद्या सकाळी पहिल्या तासाला, कोणताही धडा असो, एका मुलास हा प्रश्न विचारून पाहावा, आणि उत्तर मिळेपर्यंत पुढच्या पानावर जाऊ नये, एवढी विनंती आहे.